चातुर्मासात सोडलेला कुकर

मी पाच लिटरचा कुकर बोलतोय. आजवर जे काही बोललो ते शिट्टीतूनच बोललो, आणि त्या शिट्टीनंच एका भल्या माणसाला स्वतःच्या घरात बसणं नकोसं करून टाकलं. म्हणून आज शिट्टी ताटात काढून ठेवली आहे आणि साध्या शब्दांत सांगतो आहे. डाळ भिजत घातली असेल तर तेवढा वेळ माझ्यापाशी बसा.

जन्म माझा कारखान्यातला. ॲल्युमिनियमची एक गोल चकती होती, तिच्यावर वरून दणकन दाब आला आणि मला पोट सुटलं. मग दांडे बसले, झाकण आलं, रबर आलं. तपासणाऱ्या माणसानं माझ्यात हवा कोंडून मला पाण्यात बुडवलं, बुडबुडे येत नाहीत हे पाहिलं आणि बुडावर शिक्का मारला. त्या शिक्क्याचा मला अभिमान आहे. आत कितीही वाफ साठू दे, मी ती वेळेवर सोडतो, फुटत नाही.

पाटोद्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात मी सहा महिने टांगून होतो. एके दिवशी एका बाईनं मला खाली काढायला लावलं, नखानं टिचकी मारली, झाकण चारदा लावून पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाली, "नाव टाका ह्याच्यावर. लेकीच्या रुखवतात ठेवायचाय." माझ्या झाकणावर करकरत नाव उमटलं, 'चि. शिवांजलीस, आईकडून'. तेवढ्या करकरीत मी विकाऊ माल होतो तो घरचा माणूस झालो.

लग्न होऊन शिवांजली गेवराईला आली आणि तिच्याबरोबर मीही. घर शिवभक्तांचं. सासूबाई शांतादेवी, नवरा वीरेश, आणि चार वर्षांनी झालेली लेक रुद्राणी. सकाळी आंघोळ, इष्टलिंगाची पूजा, कपाळाला विभूती, आणि मगच गॅस पेटायचा. विभूतीचं उरलेलं बोट शिवांजली माझ्या झाकणालाही लावायची. तिच्या कॅलेंडरात कोऱ्या तारखा कमीच. सोमवार, प्रदोष, शिवरात्र, श्रावणातली शिवामूठ. उपास तिला कधी ओझं वाटला नाही. सोमवारी भगर शिजवतानासुद्धा ती गुणगुणत असायची.

वीरेशचं टायरचं दुकान होतं, हमरस्त्याला लागून. ट्रक, ट्रॅक्टर, उसाच्या गाड्या, सगळ्यांची चाकं तिथं येऊन पडायची. चकलांब्याचा सुग्रीव त्याचा जोडीदार. शाळेपासूनचे दोस्त दोघं. दुपारी एकाच मोटारसायकलवर जेवायला यायचे. माझी तिसरी शिट्टी व्हायची नि दारातून वीरेश ओरडायचा, "आलो बे, आलो! किती बोंबलशील?" मग सुग्रीव म्हणायचा, "कुकरला तरी नीट बोल की. खायला त्योच घालतो आपल्याला." मला त्या दोघांचा फार लळा होता.

दोन वर्षांपूर्वी, फाल्गुनातल्या एका दुपारी, माझ्या तीन शिट्ट्या होऊन गेल्या तरी दारात कुणी आलं नाही.

मी तिथं नव्हतो. स्वयंपाकघरात तुकड्यातुकड्यांनी जे बोललं गेलं त्यावरून सांगतो. ट्रकचं चाक होतं. टायर डिस्कवर चढवून त्याला लोखंडी रिंग बसवतात आणि मग हवा भरतात. सुग्रीव चाकावर वाकला होता, वीरेश चार पावलांवर हवेच्या टाकीपाशी होता. आधी फुस्स असा आवाज आला. मग स्फोट झाला. रिंग उडाली ती सुग्रीवच्या छातीत बसली. वीरेशनं त्याला जीपमध्ये मांडीवर घेतलं. बीड यायच्या आत सुग्रीव गेला.

वीरेशला खरचटलंसुद्धा नव्हतं. सगळे म्हणाले, देवानं वाचवलं. शांतादेवींनी महादेवाला अभिषेक केला. बाहेरून पाहणाऱ्याला वीरेश धड होता.

बाराव्या दिवशी वीरेश स्वयंपाकघरात पाणी प्यायला आला. सहा वर्षांची रुद्राणी फरशीवर पाटी घेऊन बसली होती. माझ्यात तूरडाळ होती. शिट्टी होण्याआधी मी जरा फुसफुसतो, ती माझी रीतच आहे. मी फुसफुसलो नि वीरेशनं तांब्या टाकला. शिट्टी झाली तेव्हा तो रुद्राणीला पोटाखाली घेऊन जमिनीवर पडला होता. लेकीची हनुवटी पाटीच्या कडेला लागून फुटली. दोन टाके पडले.

"मला काय झालं कळलंच न्हाई," तो म्हणत राहिला. "मला वाटलं, आता उडतंय."

त्या दिवसापासून मी गॅसवर चढलो की तो घराबाहेर जायचा. दुकान बंद. हमरस्ता ओलांडायचा नाही. जेवताना पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. रुद्राणी मांडीवर यायला लागली की तिला हळूच बाजूला करायचा, जणू आपल्याच हातांचा त्याला भरवसा नव्हता. झोपेत घामानं भिजायचा, सकाळी उशी उलटून ठेवायचा. शिवांजलीनं एक दिवस मला घासून पुसून माळ्यावर ठेवलं आणि पातेलं काढलं. कुणाला काही सांगितलं नाही.

पण घरात सासू असते, हे ती विसरली.

"शिवांजली, कावून गं पातेल्यात शिजवतीस? तास झाला, गॅस जळतोय नुसता." आषाढी दोन दिवसांवर आली होती. शांतादेवी ताक घुसळत होत्या. शेजारच्या छबुबाई विरजण मागायला येऊन दारात उभ्या होत्या. छबुबाईंच्या कानात गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत फिरते. आता नवऱ्याला शिट्टीची भीती वाटते, असं ती कशी म्हणणार? वीरेशला लोक काय म्हणाले असते?

तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "आत्याबाई, म्या या चातुर्मासात कुकर सोडलाय."

"कुकर?" शांतादेवींची रवी थांबली. "लोक वांगं सोडतेत, कांदा सोडतेत. कुणी गोड सोडतं. कुकर कावून?"

"तसंच मनात आलं. मंद आचेवरचं अन्न देवाला बरं."

छबुबाईंनी हात जोडले. "बाई बाई बाई! काय सुचतंय हिला एकेक. ताई, सून न्हाई, तपस्विनी हाय तुमची!"

माळ्यावर बसून मी हे ऐकलं. वाईट वाटलं, खोटं सांगत नाही. दहा वर्षं मी तिच्या हाताखाली होतो. पण तिचा चेहरा मला दिसत होता. नवऱ्याची अब्रू तिनं पदराखाली घेतली होती. असल्या बाईवर रागावता येत नाही.

आठवड्याभरात गल्लीतल्या पाच जणींनी कुकर सोडला. एकीनं त्यावर ताण करत मिक्सरही सोडला आणि पाट्यावर चटणी वाटून मनगट सुजवून घेतलं. नवरे कुरकुरले, पण देवाच्या कामात बोलणार कोण? गल्ली शांत झाली. वीरेश घरात बसू लागला. शिवांजलीला वाटलं, युक्ती फळतेय. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं.

आमची सगळ्यांची चूक तिथंच झाली. शिट्टी गेली, पण भीती गेली नाही. ती दुसरीकडे सरकली. श्रावणात मोहरीची फोडणी चुरचुरली नि तो ताटावरून उठला. मग सायकलच्या पंपाचा आवाज नको झाला. मग एसटीच्या ब्रेकचा. एका सोमवारी रुद्राणीनं फुगा फुगवला आणि खेळता खेळता त्याची हवा सोडली. वीरेशनं तो तिच्या हातातून हिसकावला, इतक्या जोरात की पोर भिंतीला टेकून उभी राहिली. रडलीही नाही. नुसती बघत राहिली.

त्या दुपारी तो शिवांजलीला म्हणाला, "दिवाळीनंतर रुद्राणीला घेऊन पाटोद्याला जा. तिकडंच शाळेत घाल. मी शाळेतनं दाखला काढून देतो."

"आणि तुमी?"

"मी नीट झालो की आणीन तुमाला."

"आणि न्हाई झाला तर?"

तो उठून अंगणात गेला. ती देवघरात जाऊन बसली. तिनं किती व्रतं बोलली असतील त्या दिवशी, तिचं तिला ठाऊक. दिवाळीला अडीच महिने होते.

भाद्रपदात एके सकाळी सुग्रीवची बायको वनमाला आली. अंगणात चप्पल काढली, आत येऊन भिंतीशी बसली. वीरेश मागच्या दाराकडं सरकला. तिनं पाहिलं.

"भाऊजी, पळू नका. सहा महिने झाले. एकदा तरी घरी का आला न्हाई, एवढंच विचारायला आलेय."

वीरेश उंबऱ्यातच खाली बसला. मग त्याच्या तोंडून जे निघालं ते घरात कुणीच ऐकलेलं नव्हतं. "वहिनी, त्यानं मला विचारलं होतं. वीरेश, रिंग बसली का बघ रे, म्हणला. म्या बघितलं न्हाई. चार पावलं हुतं. जागेवरनंच म्हणलो, बसली बे, भर हवा."

शिवांजलीच्या हातातला चहा तसाच राहिला.

वनमाला म्हणाली, "ठाऊक हाय मला. पलीकडच्या चहावाल्यानं ऐकलं हुतं, त्यानं दुसऱ्याच दिवशी सांगितलं. मी वाट बघत हुते, तुमी कवा सांगताय त्याची. राग हुता. थोडा अजून बी हाय. पण भाऊजी, वाकून तर ते बसले हुते. डोळे त्यांना बी हुते की."

दोघंही रडले. एवढी रडारड होऊनही घर कसं हलकं वाटलं, ते मला सांगता येत नाही. वाफ सुटल्यावर मला वाटतं तसं काहीतरी.

डोळे पुसून वनमालाच म्हणाली, "तुमाला झोप येत न्हाई ना? मला बी येत न्हवती. रस्त्यात जीप दिसली की पाय लटपटायचे. गावच्या आशाताईनं मला बीडला नेलं, सरकारी दवाखान्यात. सुरेखा मॅडम म्हणून हायेत, मनाचं दुखणं बघतेत. चला माझ्यासंगं."

शांतादेवी ताठ झाल्या. "आमच्या घरात कुणी येडं न्हाई."

"मी येडी दिसते का, मावशी?"

शांतादेवींनी सुनेच्या हातातला चहा घेऊन वनमालापुढं ठेवला.

पहिल्यांदा वीरेश आणि शिवांजली गेले ते मला सोडून. डॉक्टरांनी तपासलं, झोपेसाठी गोळ्या दिल्या, सुरेखा मॅडमनी तासभर ऐकून घेतलं. शेवटी त्यांनी विचारलं, "घरात काय काय टाळता?" शिवांजलीनं सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वेळी कुकर घेऊन या." तेव्हा हिनं हात जोडले, "मॅडम, माझा नेम हाय. कार्तिकीपर्यंत कुकर शिवायचा न्हाई." मॅडम हसल्या नाहीत. "देवाचं तुम्ही बघा," एवढंच म्हणाल्या. "पण जितकं टाळाल तितकी भीती जागा धरत जाईल. उशीर नको."

घरी येऊन शिवांजली माझ्या खाली उभी राहिली. माळ्याकडं बघत राहिली. मग शांतादेवींसमोर जाऊन बसली. "आत्याबाई, एक सांगू? म्या नेम धरलाच न्हाई."

"म्हंजे?"

"तुमाला बोलले, छबुकाकूंना बोलले, भिऊन मॅडमना बी तेच बोलले. देवापुढं संकल्प सोडलाच न्हाई. देवाशी खोटं बोलायची हिंमत झाली न्हाई. ह्यांना शिट्टी सोसत न्हवती, म्हणून..."

"अगं, अडीच महिने मी अर्धी कच्ची डाळ गिळतेय! दात न्हाईत मला!" शांतादेवी कडाडल्या. पण लगेच त्यांचा आवाज उतरला. त्या उठल्या, बसल्या. मग म्हणाल्या, "मी ओसरीत कावून निजते, ठाऊक हाय तुला?"

शांतादेवी बाराही महिने ओसरीतच निजायच्या, थंडीतसुद्धा, पाय उंबऱ्याकडं करून. "तुमचं व्रत हाय ना, देवळाच्या दिशेला निजायचं?" शिवांजली म्हणाली.

"कशाचं व्रत. भूकंप झाला तवा मी माहेरी किल्लारीकडं हुते. धाब्याचं घर. माझी धाकटी बहीण शेजारी निजली हुती. मी निघाले, ती न्हाई निघाली. तवापासनं चार भिंतींच्या आत निजलं की मला श्वास येत न्हाई. सुनेनं हे सासरी कसं सांगायचं? म्हणलं, व्रत हाय. लोक पाया पडले." त्या थोडं हसल्या. "एकतीस वर्षं झाली, पोरी. कुणी विचारलं बी न्हाई."

मग त्या म्हाताऱ्या बाईनं स्वतः स्टूल ओढलं, वर चढली आणि मला माळ्यावरून खाली काढलं. माझ्यावरची धूळ पदरानं पुसली. मला वाटतं, मला घडवणाऱ्या दाबानंतर इतक्या जोरात मला कुणी धरलं नसेल.

पुढच्या बुधवारी पिशवीत बसून मी बीड पाहिलं. दवाखान्याच्या बाकावर मला मांडीवर घेऊन शिवांजली बसली होती. एक शिपाईमामा म्हणाले, "बाई, कुकरची दुरुस्ती बसस्टँडपाशी होती. इथं माणसांची होती."

"दोघांची करून घ्यायचीय, मामा," ती म्हणाली.

त्या बाकावर कोण कोण होतं! एक हवालदार, ज्यानं अपघातातली माणसं इतकी उचलली होती की आता त्याला जेवणाचा वास सहन होत नव्हता. बाळंतपणात मरता मरता वाचलेली एक मुलगी, बाळाला घ्यायला घाबरणारी. ओढ्याच्या पुरात शेजारीण वाहून जाताना पाहिलेली एक आजी. नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेली एक बाई, दार वाजलं की दचकणारी. लहानपणी कुणीतरी घरच्याच माणसानं त्रास दिलेला एक धिप्पाड गडी, ज्यानं ते चाळीस वर्षांनी प्रथमच तोंडाबाहेर काढलं होतं. सगळ्यांचे कपडे धड होते, हातपाय धड होते. मी त्यांच्यामध्ये शोभून दिसत होतो.

आत मला टेबलावर ठेवलं. सुरेखा मॅडम म्हणाल्या, "वीरेशराव, जीव जाणार असं एकदा वाटलं, किंवा दुसऱ्याचा जाताना पाहिला, की मनातला राखणदार जागा होतो. ते त्याचं कामच आहे. पुढे धोका टळतो, पण त्याला निजायला कुणी सांगत नाही. मग तो कशालाही ओरडतो. शिट्टीला, फुग्याला."

"मग सगळ्यांना का होत न्हाई? मीच कच्चा का?"

"कच्च्या-पक्क्याचा इथं संबंध नाही. एकाच अपघातातल्या एकाला होतं, दुसऱ्याला होत नाही. आधी काय सोसलंय, घटना किती जवळून घडली, नंतर कुणाशी बोलता आलं का, मनात अपराधाचा काटा आहे का, या सगळ्यांनी फरक पडतो. आता सांगा, या कुकरकडे बघून भीती किती? दहापैकी."

"नुसता कुकर हाय, मॅडम," वीरेश म्हणाला. त्याचे तळवे ओले झाले होते. "आठ."

त्या दिवशी त्यानं मला फक्त बघितलं. पाच वाजता हात लावला. निघताना आकडा सहा होता.

त्यानंतर घरात रोज माझा वर्ग भरू लागला. आधी रिकामा, झाकण उघडं. मग झाकण लावून. मग पाणी घालून गॅसवर, आणि वीरेश अंगणात. मग ओसरीत. मग दारात. मॅडमनी सांगितलं होतं, भीती चढली तरी पळायचं नाही, पाय जमिनीला टेकवून बसायचं, आकडा उतरेपर्यंत. शिवांजली जवळ बसून 'नमः शिवाय' म्हणायची. मॅडमना तिनं विचारून घेतलं होतं, चालेल का. "चालेल की. श्वास लांब होतो त्यानं," मॅडम म्हणाल्या होत्या. रुद्राणीला आकड्यांचा खेळच वाटला. "पप्पा, किती?" "सात." "आता?" "साडेसहा." आतल्या खोलीतून शांतादेवी ओरडायच्या, "माझी आज चार हाय गं!" कारण त्यांनीही दुपारची वामकुक्षी घरात घ्यायला सुरुवात केली होती. पहिल्या दिवशी पाचच मिनिटं. पण घेतली.

सगळं सरळ झालं असं समजू नका. एका संध्याकाळी माझं पाणी उकळत असताना बाहेर कुणाच्या तरी गाडीचा टायर फुटला. वीरेश जो पळाला तो गोदावरीच्या वाटेला लागला. अंधार पडायच्या आत परतला, चप्पल हातात घेऊन, आणि भिंतीकडं तोंड करून बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं मला बघायलाही नकार दिला. शिवांजलीनं मला गॅसवर चढवलं नाही, पण माळ्यावरही ठेवलं नाही. ओट्यावर, त्याला दिसेल असं ठेवलं. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच म्हणाला, "चल, वर्ग भरव."

आणि मग ती सकाळ आली. माझ्यात तूरडाळ होती. वीरेश स्वयंपाकघरात, उंबऱ्याच्या आत, पाठ भिंतीला टेकून बसला होता. मी फुसफुसलो. त्याचा चेहरा पांढरा पडला. मी, खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा शिट्टी मारायला घाबरलो. पण माझ्या हातात काही नसतं. शिट्टी झाली.

तो उठला नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून बसला. "नऊ," म्हणाला. "आठ." मग उठून चालत आला आणि स्वतःच्या हातानं गॅस बंद केला.

तेवढ्यात दारात छबुबाई धापा टाकत उभ्या. "शिवांजली! कार्तिकीला तीन आठवडे हायेत अजून! बाटला की नेम तुझा! आमी इकडं पातेली घासून घासून मेलो!"

शिवांजली काही बोलणार, तर वीरेश पुढं झाला. "काकू, नेम तिनं माझ्यासाठी सांगितला हुता. सुग्रीव गेला तवापासनं मला शिट्टी सोसत न्हाई. भीती वाटती. बीडला दवा चालू हाय."

मला वाटलं, आता ही गल्लीभर होणार. आणि वीरेशलाही तसंच वाटलं असणार, तरी तो बोलला.

छबुबाई मटकन पाटावर बसल्या. "म्हंजे आमी उगंच?" म्हणाल्या. त्या बाईला गप्प बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. शेवटी हळूच म्हणाल्या, "आमचा अंगद करोनात वीस दिवस दवाखान्यात हुता बघ. शेजारच्या दोन्ही खाटांवरची माणसं त्याच्यासमोर गेली. अजून बी खोलीचं दार लावून घेत न्हाई. चिडचिड करतो. आमी म्हणतो, आळशी झाला." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्या मॅडम कोणत्या वारी बसतेत?"

"बुधवारी," वीरेश म्हणाला. "मीच येतो संगं."

दिवाळीत फटाके वाजले. पहिला दिवस त्यानं कानात बोळे घालून काढला, दुसरा दिवस बोळ्यांशिवाय, रुद्राणीचा हात धरून. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी शिवांजलीनं विचारलं, "शाळेतनं दाखला कवा आणायचा?" ती पाठमोरी होती, माझं झाकण पुसत होती, आणि एकच जागा पुन्हा पुन्हा पुसत होती.

रुद्राणीनं माझी शिट्टी हातात घेतली होती. "पप्पा, लावू?"

वीरेशनं लेकीला उचलून ओट्याशी धरलं, म्हणजे तिचा हात पोचेल. "लाव. नीट बसली का बघ." मग स्वतः वाकून, बोट लावून पाहिलं. "बसली." आणि मागं न बघता शिवांजलीला म्हणाला, "दाखल्याचं ऱ्हाऊ दे."

आता मला बारा वर्षं झाली. दांड्याचा एक स्क्रू ढिला आहे, बूड काळं पडलंय, रबर तीनदा बदललं. वीरेशनं दुकान पुन्हा उघडलंय. चाकात हवा भरायची ती आता लोखंडी गजांच्या पिंजऱ्यात चाक ठेवून, आणि कुणीही, कितीही घाईत असला तरी, रिंग वाकून बघितल्याशिवाय नाही. कधी कधी त्याचा आकडा चढतो. मग दुकानातून फोन येतो, शिवांजली थोडं बोलते, उतरतो. मॅडमकडं महिन्यातून एकदा जाणं आहे. शांतादेवी पावसाळ्यात घरात निजल्या, तेहतीस वर्षांत पहिल्यांदा, दाराशीच, पण आत.

तुम्हाला माझं एवढंच मागणं आहे. घरातलं कुणी एखादा आवाज, एखादा रस्ता, एखादी खोली टाळत असेल, तर त्याला हसू नका. आणि माझ्या बाईसारखं प्रेमानं झाकूनही ठेवू नका. व्रत करा, देवाचं नाव घ्या, ते हवंच. पण त्या माणसाजवळ बसा, विचारा, आणि दवाखान्याची वाट दाखवा. ते बरं होतं. मी डोळ्यांदेखत पाहिलंय.

गेल्या वर्षी सुग्रीवचं वर्षश्राद्ध चकलांब्याला झालं, तेव्हा माणसं पुष्कळ येणार म्हणून वनमालानं मला मागून घेतलं. मोटारसायकलवर मला मांडीत धरून रुद्राणी बसली होती. वनमालाच्या चुलीशेजारच्या गॅसवर मी चढलो, पोट भरून डाळ होती. अंगणात वीरेश पंगतीची पानं मांडत होता. मी फुसफुसायला लागलो तशी वनमाला धावत दारात गेली.

"भाऊजी, शिट्टी काढून ठेवू का?"

वीरेशनं पाय जमिनीला टेकवून उभं राहून माझ्याकडं पाहिलं. "असू द्या, वहिनी. तीन होऊ द्या. सुग्रीवला कच्ची डाळ कधी चालली न्हाई."